खोकंभर जुन्या ४५ आणि एक अनोळखी सिंगल: लेबल नंतर वाचा

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी ओहायोमध्ये राहतो. शेजारच्या एका आजोबांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून वीस डॉलरला जुन्या ४५ आरपीएम रेकॉर्ड्सचं खोकं आणलं. बरंचसं ओळखीचं आहे, पण सात-आठ सिंगल्सवरच्या बँडची नावं शोधूनही धड सापडत नाहीत. एकीच्या लेबलवर कुणीतरी पेनानं '१९६६' लिहिलंय. अमेरिकन गॅरेज रॉकच्या अशा अनोळखी सिंगल्सना हजार हजार डॉलर मिळतात म्हणे. खरं का? आणि ओळखायचं कसं?"

हजार डॉलर मिळतात हे खरं आहे. तुमच्या सात-आठांपैकी एकीलाही मिळणार नाहीत, हेही बहुधा तितकंच खरं आहे. दुर्मीळ आणि महाग यांची गल्लत होते ती इथेच. साठच्या दशकात अमेरिकेत तीनशे-पाचशे प्रतींच्या सिंगल्सचं, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांचं, अमाप पीक आलं. त्यातल्या बहुतेक आज दुर्मीळच आहेत, आणि तरीही पाच डॉलरच्या पेटीत धूळ खात पडलेल्या असतात. मी मिशिगनमध्ये राहतो. पोटापाण्याला गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाईन करतो आणि वीसेक वर्षं महिन्यातले दोन रविवार रेकॉर्डच्या बाजारात टेबल लावून बसतो. माझ्याही टेबलाखाली अशी एक पेटी कायम असते.

या तबकड्या मुळात निघाल्या कशा, हे कळलं की पुढचं सोपं जातं. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स झळकले आणि ७ कोटी ३० लाख लोकांनी ते घरबसल्या पाहिलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक हायस्कुलात एखादा तरी बँड उभा राहिला. सीअर्सच्या कॅटलॉगमधून मागवलेली सिल्व्हरटोन गिटार, मोठ्या भावाचे ड्रम्स, तालमीला वडिलांचं गॅरेज. शाळेच्या जिममध्ये नाच असला की तिथे वाजवायचं, बँडांच्या चढाओढीत उतरायचं. जिंकलं किंवा आईवडिलांनी पैसे दिले, की जवळच्या स्टुडिओत तासाभरात दोन गाणी उरकायची. स्टुडिओवालाच पुढे प्रेसिंगची, म्हणजे तबकड्या छापण्याची, सोय करून द्यायचा. गावातल्या छापखान्यात लग्नपत्रिका छापून घ्यावी तसा हा प्रकार: मजकूर द्या, आगाऊ रक्कम द्या, पंधरा दिवसांनी पाचशे प्रती घेऊन जा. लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नावही पोरांनीच ठेवलेलं. म्हणजे तबकडीवर 'अमुक रेकॉर्ड्स' असं ठसठशीत छापलेलं असलं, तरी त्या नावाची कंपनी कधी नव्हतीच. ते नाव त्या एका तबकडीपुरतं जन्मलं आणि तिथेच संपलं.

शंभरेक प्रती वर्गात खपल्या, दहा-बारा रेडिओ स्टेशनांत वाटल्या. मग कुणी कॉलेजला गेलं, कुणाच्या घरी लष्करभरतीचं पत्र आलं, कुणाचं लग्न झालं. उरलेलं खोकं कुणाच्या तरी तळघरात राहिलं आणि एका पावसाळ्यात भिजलं. दुर्मीळपणाचं मूळ हे इतकं साधं आहे. बँड पडला म्हणून तबकडी दुर्मीळ झाली. बँड पडला तो बहुतेक वेळा गाणं बेतासबात होतं म्हणून, आणि ते गाणं आजही बेतासबातच आहे.

आता तुमच्या खोक्याकडे वळू. दिव्याच्या तिरप्या उजेडात तबकडी धरा आणि लेबल क्षणभर विसरा. खाचा जिथे संपतात तिथपासून लेबलच्या कडेपर्यंत एक कोरी गुळगुळीत पट्टी असते. आम्ही तिला डेड वॅक्स म्हणतो. तिच्यात आकडे, अक्षरं, खुणा कोरलेल्या किंवा ठशानं उमटवलेल्या असतात. लेबलवर पोरांनी हवं ते छापलं असेल, पण या पट्टीवर कारखान्याची नोंद असते, आणि कारखान्याला थापा मारण्याचं काही कारण नव्हतं.

तुम्ही ओहायोत आहात म्हणून पहिल्यांदा राईट रेकॉर्ड्सची खूण शोधा. सिनसिनाटीतला हा कारखाना गिऱ्हाईक आणेल ते छापून द्यायचा. त्याची ओळख अशी: दोन बाजूंना पाठोपाठचे पाच अंकी क्रमांक, आणि पट्टीत 'सीपी' अक्षरांपुढे आणखी एक आकडा. हा आकडा गिऱ्हाइकाच्या खात्याचा. ते पाच अंकी क्रमांक ओळीनं वाढत गेलेले असल्यामुळे संग्राहकांनी त्यांवरून वर्षांचे तक्ते बनवले आहेत. पेनानं लिहिलेलं १९६६ खरं की खोटं ते पाच मिनिटांत कळतं. पण हुरळून जाऊ नका. राईटकडून गॅरेज बँडांनी जितक्या तबकड्या काढून घेतल्या, त्याहून कितीतरी जास्त चर्चच्या गायकवृंदांनी, बँजो वाजवणाऱ्या ब्लूग्रासवाल्यांनी आणि गाणाऱ्या पाद्र्यांनी काढून घेतल्या. 'फोर टोन्स' असं नाव वाचून मी एकदा छातीत धडधड घेऊन सुई ठेवली, तर चार काका येशूची स्तुती गात होते. छान गात होते, तो भाग वेगळा.

आरसीए या मोठ्या कंपनीच्या कस्टम, म्हणजे बाहेरच्यांना छापून देणाऱ्या, विभागातून काढलेली तबकडी असेल तर क्रमांकाचं पहिलं अक्षरच वर्ष सांगतं: एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७. अनेकदा हा क्रमांक लेबलवरही छापलेला असतो, आणि 'टी-४-के-एम' अशी सुरुवात दिसली की १९६६ पक्कं समजा. लहानसा त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना. 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' असा ठसा असेल तर नाव सांगतं तेच. त्याचा अर्थ बँड नॅशव्हिलचा असा मात्र नाही. दक्षिणेतली आणि मधल्या राज्यांतली पुष्कळ छोटी लेबलं तिथून छापून घेत. मिनेसोटाकडची तबकडी असेल तर के बँक स्टुडिओचा माग निघतो. तिथे ध्वनिमुद्रण आणि प्रेसिंग दोन्ही व्हायचं आणि सोमा या लेबलशी त्यांची सोयरीक होती. सोमा हे मालक अमॉस हायलिकर यांचं नाव उलटं वाचलेलं. कॅस्टअवेज बँडचं 'लायर, लायर' तिथलंच, १९६५ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ते दुर्मीळ नाही, खोक्यात असलं तर मजेत ऐका.

वर्ष इतकं महत्त्वाचं का, तर हवी असलेली तबकडी बहुतेक १९६५ ते १९६७ या तीन वर्षांतली असते. त्याआधी वाद्यसंगीत आणि सर्फ नावाचं समुद्रकिनारी गिटार-संगीत, त्यानंतर लांबण लावलेली सायकेडेलिक आणि ब्रासवाली गाणी. मधल्या काळात फझ, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं, आलं. मेस्ट्रोचा फझ-टोन पेडल १९६२ पासून बाजारात होता, पण १९६५ च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्सनी तो 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये वाजवला आणि प्रत्येक पोराला तो हवासा झाला. फाटल्यासारखी गिटार, व्हॉक्स किंवा फार्फिसाचा किरकिरा ऑर्गन, नुकताच फुटलेला आवाज आणि सोडून गेलेल्या पोरीवरचा राग. संग्राहक पैसे मोजतो ते या चार गोष्टींना. त्यामुळे तुमच्या सिंगल्सची बी-साईड आधी लावा. ए-साईडवर पोरं रेडिओला खूश करायला हळुवार प्रेमगीत गायची. उलट्या बाजूला, कुणी ऐकणार नाही या भरवशावर, मनातलं ओरडून घ्यायची. माझ्याकडच्या चांगल्या तबकड्यांतल्या निम्म्याहून अधिक बी-साईडसाठी घेतलेल्या आहेत.

ओरडण्यात शुद्धता शोधायला जाऊ नका. या सगळ्या प्रकाराचं दैवत म्हणजे किंग्जमेनचं 'लुई लुई'. पोर्टलंडमध्ये एप्रिल १९६३ ला सुमारे पन्नास डॉलरच्या खर्चात मुद्रित झालेलं. गिटारचा सोलो संपल्यावर गायक जॅक ईली कडवं आधीच सुरू करतो, चूक लक्षात येऊन थांबतो, आणि ड्रमर लिन ईस्टन मधली पोकळी ड्रम्सनं भरून काढतो. ती चूक तशीच ठेवून रेकॉर्ड निघाली, बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकाला गेली. शब्द इतके अस्पष्ट की त्यांत अश्लील काही आहे का म्हणून एफबीआयनं तपास केला आणि शेवटी काही कळत नाही असं लिहून ठेवलं. हे गाणं आधी जेर्डन या तिथल्याच लेबलवर आलं आणि मग न्यूयॉर्कच्या वाँडवर. वाँडची प्रत कुठेही मिळते. जेर्डनची दिसली तर खिशात हात घाला.

पहिलं लेबल आणि दुसरं लेबल हा भेद लक्षात ठेवा. गावातल्या लेबलवर गाणं चाललं की मोठी कंपनी ते भाड्यानं घ्यायची आणि लाखांनी छापायची. आमच्या मिशिगनचं उदाहरण 'नाईंटी-सिक्स टिअर्स'. बँडचं नाव क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्स. ही सगळी शेतमजुरीसाठी टेक्सासहून आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली, सॅगिनॉ भागातली पोरं. पा-गो-गो या छोट्याशा लेबलवर गाणं आलं, इथल्या रेडिओंनी उचललं, कॅमिओ कंपनीनं घेतलं आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. कॅमिओची प्रत दोन-चार डॉलरची, पा-गो-गोची प्रत भिंतीवर लावायची. टेक्सासचंही तसंच. थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सचं 'यू आर गॉना मिस मी' आधी काँटॅक्टवर, मग इंटरनॅशनल आर्टिस्ट्सवर. कॉर्पस क्रिस्टीच्या झाकरी थॅक्सचं 'बॅड गर्ल' आधी जे-बेकवर, मग मर्क्युरीवर. खोक्यात ओळखीचं गाणं अनोळखी लेबलवर दिसलं तर घाईनं बाजूला सारू नका.

किंमत चढण्याचं आणखी एक कारण अगदी सरळ आहे: बँडमधला एखादा पोरगा पुढे मोठा झाला. ॲन आर्बरच्या इग्वानाज बँडनं १९६५ मध्ये फोर्टे लेबलवर 'मोना' काढलं. ड्रम्सवर होता तो मुलगा त्या बँडच्या नावावरूनच इग्गी झाला, पुढचा इग्गी पॉप. फीनिक्सच्या स्पायडर्सचं 'डोन्ट ब्लो युअर माईंड', सांताक्रूझ लेबल, १९६६: गायक पुढचा ॲलिस कूपर. ह्यूस्टनच्या मूव्हिंग साईडवॉक्सचं 'नाईंटी-नाईन्थ फ्लोअर' टँटारा लेबलवर आलं, त्यातला गिटारवाला बिली गिबन्स झेडझेड टॉपमध्ये गेला. आणि डेट्रॉईटच्या पोरींचा बँड प्लेझर सीकर्स. हाईडआऊट हा पोरापोरींचा क्लब, त्याच नावाचं त्यांचं लेबल, आणि त्यावरचं 'व्हॉट अ वे टू डाय'. बेसवर शाळकरी सूझी क्वाट्रो. बिअर आणि मुलगा यांत बिअर जास्त आवडते असं त्या वयातल्या मुली १९६६ च्या सुमारास बिनदिक्कत गातात. सूझी प्रसिद्ध झाली नसती तरी मी ही सिंगल घेतली असती. या सगळ्या यादीतली माझी सर्वांत लाडकी तीच.

बाकीच्या अनोळखींची किंमत संकलनांनी ठरवली. १९७२ मध्ये एलेक्ट्रा कंपनीनं लेनी के यांनी निवडलेला 'नगेट्स' हा दोन तबकड्यांचा संच काढला. सत्तावीस गाणी, आणि सोबतच्या टिपणात चक्क 'पंक रॉक' हा शब्द, लंडनमध्ये पंकचा गाजावाजा होण्याच्या चार वर्षं आधी. नगेट्समधली गाणी बरीचशी चार्टवर येऊन गेलेली होती. त्याखालचा थर १९७८ पासून ग्रेग शॉ यांच्या 'पेबल्स' मालिकेनं खरवडला. पहिल्या भागाचं पहिलं गाणं मिनियापोलिसच्या लिटर बँडचं 'ॲक्शन वुमन', मूळ स्कॉटी लेबलवरचं. तळ गाठला तो १९८३ मध्ये टिम वॉरन यांच्या 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह'नं. हा गृहस्थ गावोगाव फिरून, जुन्या बँडवाल्यांना शोधून, त्यांच्या तळघरांतून तबकड्या काढायचा. तुमच्या राज्यातला एक बँड त्याच मालिकेमुळे जगाला कळला: क्लीव्हलँडशेजारच्या पार्माचे अलार्म क्लॉक्स, तिघे जण, 'येऽऽ!' आणि 'नो रीझन टू कम्प्लेन', अवेक लेबल, १९६६. वेळेशी खेळत खेळत बँड आणि लेबल दोघांची नावं ठेवलेली. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनी पुन्हा एकत्र येऊन नवी रेकॉर्ड केली. खोक्यात अवेक लेबल दिसलं तर मला रात्री दोन वाजताही उठवा.

यावरून बाजाराची रीत कळेल. एखादी सिंगल एखाद्या संकलनात आली की लोकांना ती ऐकून माहीत होते, मागणी येते, किंमत चढते. कुठेच न आलेली सिंगल दोन प्रकारची असते: कुणालाच नको असलेली, किंवा अजून कुणाच्या हाती न लागलेली. दुसऱ्या प्रकाराच्या आशेवर आम्ही पहिल्या प्रकारची पोतीच्या पोती तपासतो.

बनावट मालाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे मी चारशे डॉलर घालवलेत. एका विक्रेत्याकडून मिशिगनच्या एका बँडची सिंगल घेतली. तबकडी चकचकीत, एक ओरखडा नाही. घरी आणून सुई ठेवली तर सुरुवातीलाच खर्र, आणि पहिल्या कडव्यात टक्, टक्, टक्. पुन्हा उजेडात धरली, तिथे काहीच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: ओरखडे या तबकडीवरचे नव्हतेच, ज्या जुन्या प्रतीवरून हिची नक्कल केली तिचे होते, आवाजात मुद्रित झालेले. घड्याळजीचं भिंग लावून लेबल पाहिलं. जुन्या छपाईत अक्षर भरीव असतं, शाई एकसलग. इथे अक्षरांच्या कडा बारीक ठिपक्यांत विस्कटलेल्या, लेबल स्कॅन करून छापल्याची खूण. पट्टीवर मूळ प्रतीला कारखान्याचा ठसा होता, माझ्या प्रतीवर हातानं खरवडलेला नुसता क्रमांक. विक्रेता पुढच्या बाजारात दिसला नाही. दहा डॉलरचं भिंग आधी खिशात असतं तर ही वेळ आली नसती, म्हणून आता कायम असतं.

गंमत म्हणजे नक्कल आजचीच नाही. मिशिगनमधल्या नाईल्स गावी १९६४ मध्ये टॉमी जेम्सनं शाळकरी वयात स्नॅप लेबलसाठी 'हँकी पँकी' गायलं. आसपास थोडं चाललं, विसरलं गेलं, बँडही मोडला. दोन वर्षांनी पिट्सबर्गमधल्या एका डीजेच्या हाती जुनी प्रत लागली, लोकांना वेड लागलं, प्रती मिळेनात. तेव्हा तिथल्या कुणीतरी परस्पर चोरून छापल्या. हजारोंनी खपल्या. टॉमीला पत्ताच नाही. त्याला फोन करून बोलावून घेतलं, त्यानं पिट्सबर्गमध्येच नवा बँड जमवला, राऊलेट कंपनीनं गाणं घेतलं आणि जुलै १९६६ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

तबकडीच्या प्रकृतीविषयी एकच गोष्ट नीट समजून घ्या: ती व्हिनाईलची की स्टायरीनची, या दोन प्लास्टिकांपैकी कशाची. स्टायरीन हलकं आणि ताठ असतं, नखानं टिचकी मारली तर काचेसारखं टणकन वाजतं. व्हिनाईल थप्प करतं. व्हिनाईलमध्ये लेबल प्रेसिंगच्या वेळीच दाबून बसवलेलं असतं, स्टायरीनवर ते पुष्कळदा नंतर चिकटवलेलं. स्टायरीन पटकन झिजतं. रेडिओवाले गाणं नेमक्या ठिकाणी लावायला तबकडी हातानं मागेपुढे फिरवायचे, त्यामुळे रेडिओकडून आलेल्या स्टायरीन प्रतीत पहिले दोन-तीन सेकंद नुसता फस्स आवाज येतो आणि मग गाणं स्वच्छ होतं. अशी प्रत दिसायला नवी कोरी असली तरी किंमत निम्म्यावर येते. धुवायची असेल तर डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लेबल कोरडं. चिकटवलेलं लेबल भिजलं की सुटलंच.

जाता जाता, आपल्याकडे असं काही झालं का, हे मला मराठी मंडळी हटकून विचारतात. झालं. सिमला सिगारेटच्या नावानं भरणाऱ्या बीट बँडांच्या स्पर्धेतून 'सिमला बीट' च्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. अमेरिकेत जी लाट ओसरली होती ती आपल्या शहरांतल्या कॉलेजच्या पोरांच्या गिटारींत तेव्हा कुठे भरात आलेली, आणि अमेरिकेतले गॅरेज रॉकचे संग्राहक आज त्या एलपींसाठी माझ्यामागे भुणभुण लावतात. पुण्या-मुंबईच्या माळ्यांवर एखादी प्रत असेल तर ती रद्दीत घालू नका, एवढी विनंती.

तर आता करा असं. सात-आठही सिंगल्सच्या दोन्ही लेबलांचे आणि दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढा. पट्टीचा फोटो येत नसेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, क्रमांक उमटतो. कागद हलू देऊ नका आणि खाचांवर पेन्सिल नेऊ नका. लेबलवर छापलेली गीतकाराची आडनावं आणि गाव लिहून घ्या. बँडच्या नावापेक्षा आडनावांवरून माग लवकर लागतो, कारण ही माणसं आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत आणि बहुतेक अजून त्याच गावात राहतात. मी अशा एकांना फोन केला होता. त्यांनी आपली स्वतःची तबकडी पन्नास वर्षांत ऐकलेली नव्हती, कारण त्यांच्याकडे प्रतच नव्हती. फोनवरच लावून ऐकवली. दुसऱ्या कडव्याला ते बायकोला हाक मारायला लागले.

आणि ते पेनानं लिहिलेलं '१९६६' पुसायला जाऊ नका. त्यानं किंमत दहा-वीस डॉलरनं उतरते; पुसताना लेबल फाटलं तर सगळीच जाते. शिवाय ते अक्षर त्या शेजारच्या आजोबांचंच असेल, तर त्या बँडमध्ये ते कोणतं वाद्य वाजवायचे, हे त्यांच्या घरच्यांना आधी विचारा.